नळ का चालू होता

आमच्या घरात रात्री अकरा-साडेअकराला बाथरूमचा नळ चालू असायचा. रोज नाही, अधूनमधून. मी दोन-तीनदा मोठीला रागावले पण होते त्यावरून, एवढ्या रात्री कसलं पाणी वाया घालवतेस म्हणून, आणि ती नुसती मान खाली घालून "सॉरी आई" म्हणायची आणि पंधरा दिवसांनी परत तेच. आठ वर्षांची होती ती, धाकटा साडेतीन. मला वाटायचं, या वयात मुलं असलं काहीतरी खूळ घेतातच डोक्यात.

मग एका दुपारी वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं, धाकट्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि बहिणीला म्हणाला, "ताई, भांडणाचा नळ लाव ना."

त्याला नावसुद्धा होतं.

मोठी माझ्याकडे अशी बघायला लागली की जशी चोरीच पकडली गेलीय. मग हळूहळू सांगितलं तिने. बाबांचा आवाज चढला की ती त्याला उठवायची, बाथरूममध्ये न्यायची, आतून कडी लावायची आणि बादलीत नळ सोडायची, म्हणजे बाहेरचं ऐकू येत नाही. बादली भरली की ओतायची आणि परत लावायची. "मी पूर्ण सोडत नाही गं आई, अर्धाच सोडते," असं पण म्हणाली, कारण मी पाण्यावरून रागावले होते ना.

आणि मी इतकी वर्षं स्वतःला काय सांगत होते, तर मुलं झोपलेली असतात, त्यांना काही कळत नाही.

आता ही गोष्ट इथे संपायला पाहिजे होती. म्हणजे असल्या गोष्टींमध्ये आईला हे कळतं आणि दुसऱ्या दिवशी ती बॅग भरते. मी नाही भरली. नळाचं कळल्यानंतर मी चौदा महिने त्याच घरात होते. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, पण हे गाळलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही, कारण हे वाचणाऱ्यांमध्ये कोणीतरी तिच्या चौदा महिन्यांच्या मध्यावर असणार आणि तिला वाटत असणार की आपण आई म्हणून नालायक आहोत, कळूनही बसलोय.

"आधीच का नाही सोडलंस?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी चिडत नाही. नवऱ्याला "तू का मारत होतास" असं कोणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, पण ते असो.

खरं उत्तर एकच नाहीये. एक म्हणजे मला ते 'मारहाण' वाटतच नव्हतं. मारहाण म्हणजे रोज दारू पिऊन येणारा, पट्ट्याने मारणारा, असं काहीतरी डोक्यात होतं. हा दारूला शिवायचा नाही. लोकांशी इतका गोड की विचारू नका. आणि हात उचलायचा तो, माझ्या हिशोबाने, वर्षातून दोन-चारदा. बाकी वेळ काय, तर फोन बघायचा, पैसे मागितले की हिशोब मागायचा, बहिणीशी बोलले की दोन दिवस अबोला, मुलांसमोर मला "हिला काही कळत नाही" म्हणायचं. या सगळ्याला काय नाव द्यायचं हे मला माहीत नव्हतं. पुढे कळलं की नाव आहे, 'कोअर्सिव्ह कंट्रोल', म्हणजे धाकदपटशाने ताबा ठेवणं. इव्हान स्टार्क म्हणून एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी २००७ मध्ये हे नीट मांडलं होतं, की मार हा या प्रकरणातला एक तुकडा आहे, मूळ गोष्ट म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य थोडं थोडं करून काढून घेणं, कुठे जायचं, कोणाशी बोलायचं, किती खर्च करायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१५ च्या कायद्याने असं वागणं हा गुन्हाच ठरवला, एकदाही हात न उचलता केलं तरी. हे वाचलं तेव्हा मी आधी रडले आणि मग मला प्रचंड राग आला, म्हणजे आपण दहा वर्षं ज्याला 'त्याचा स्वभाव' म्हणत होतो त्याच्यावर लोकांनी पुस्तकं लिहिलीयत!

दुसरं कारण कॅलेंडरने दाखवलं. हे जरा सविस्तर सांगते.

जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या एक नर्स-संशोधक आहेत अमेरिकेत, त्यांनी १९८५ मध्ये एक प्रश्नावली तयार केली, अशा घरातल्या बाईच्या जीवाला किती धोका आहे ते जोखायला. त्यात प्रश्नांच्या आधी एक कॅलेंडर असतं. गेल्या वर्षभरात कोणत्या दिवशी काय झालं त्यावर खूण करायची आणि किती वाईट झालं त्याचा एक ते पाच आकडा लिहायचा. मला हे एका मदत करणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोलत होते मी. घरी करू नका म्हणाल्या. मग मी ऑफिसमध्येच लंच ब्रेकला मागच्या वर्षीचं छोटं पॉकेट कॅलेंडर घेऊन बसले, पेन्सिल घेतली, आणि मनात म्हटलं चार खुणा होतील फार तर.

तारखा आठवत नव्हत्या. मग मुलांवरून आठवायला लागले. मोठीचं गॅदरिंग होतं त्याच्या आदल्या रात्री. धाकट्याला ताप होता तेव्हा. परीक्षा संपली त्या दिवशी. एकेक खूण करत गेले आणि डिसेंबरपर्यंत पोचले तेव्हा तेवीस झाल्या होत्या. तेवीस! आणि वर्षाच्या सुरुवातीला समोर एक-दोन लिहिलेले आकडे शेवटाकडे तीन-चार झाले होते. म्हणजे वाढत होतं. हे माझ्याच डोक्यात होतं सगळं, पण सुटं सुटं, प्रत्येक वेळचं वेगळं, आणि प्रत्येक वेळी मागचं पुसून टाकायची मला सवय लागली होती. त्या कागदावर पहिल्यांदा सगळं शेजारी शेजारी आलं.

पुसायची सवय का लागते याचंही उत्तर आहे. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक चक्र मांडलं होतं, आधी ताण साठत जातो, मग स्फोट, मग माफी-लाड-वचनं, आणि परत ताण. प्रत्येकीच्या घरात हे असंच्या असं होतं असं नाही, यावर नंतर टीकाही झालीय, आणि माझ्याकडे तर शेवटच्या दोन वर्षांत माफीचा भाग जवळजवळ गायबच झाला होता. पण सुरुवातीच्या वर्षांत तो होता आणि तोच खरा घात करतो. रडायचा तो. पाया पडायचा. मुलांना फिरायला न्यायचा आणि ते तिघं हसत परत यायचे आणि मला वाटायचं हाच खरा आहे, रात्रीचा तो कोणीतरी दुसरा. मार आणि माया एकाच हातून मिळत राहिली, आणि तीही कधी काय मिळेल याचा नेम नसेल, तर ते बंध सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होतात, हे डटन आणि पेंटर या दोघा संशोधकांनी १९८१ मध्येच लिहून ठेवलंय. मला कोणी बावळट म्हणालं तर मी हल्ली एवढंच सांगते.

आणि तिसरं कारण मुलं, अर्थातच.

"पदरात दोन मुलं आहेत, त्यांच्याकडे बघ." आई म्हणायची. वाईट नव्हती आई, तिच्या परीने ती मला आगीतून फुफाट्यात जाण्यापासून वाचवत होती. संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, मुलांना बाप हवा, तू जरा गप्प बसत जा. आणि मी मुलांकडेच बघत होते की. मुलांना घर राहावं, त्यांची शाळा राहावी, बाप राहावा म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालू होता. मग एक दिवस वाचलं ते असं, की १९९८ मध्ये अमेरिकेत साडेनऊ हजारांवर मोठ्या माणसांना लहानपणी काय काय सोसलं ते विचारून एक अभ्यास छापला गेला, बालपणातल्या वाईट अनुभवांचे त्यात सात प्रकार धरले होते, आणि त्या सातांत स्वतःला झालेली मारहाण होती, घरातलं व्यसन होतं, आणि एक प्रकार होता आईला मारलं जाणं. मुलाला हात लावलेला नसला तरी. असे प्रकार जितके जास्त तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा, हृदयविकाराचा सुद्धा धोका जास्त. "मुलांना तर तो काही करत नाही ना" हे माझं एकमेव भांडवल होतं, ते त्या दिवशी बुडालं.

तरी निघाले नाही. एकदा निघाले होते, हे सांगायचं राहिलं. नळाच्या प्रकरणानंतर तीनेक महिन्यांनी, एका रात्री, अंगावरच्या कपड्यांवर, मुलांना घेऊन बहिणीकडे. नऊ दिवस राहिले. बहिणीचं घर लहान, मुलांची शाळा लांब, माझ्याकडे एक कागद नाही, कार्ड त्याच्याकडे, आणि तो रोज फोन करून मुलांशी बोलायचा आणि धाकटा विचारायचा "बाबा एकटे जेवतात का?" दहाव्या दिवशी मीच परत गेले. त्याने दारातून बॅग आत घेतली आणि हसला, एवढंच. बहीण वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही, "तुला जायचंच होतं तर आलीस कशाला?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण निघून परत जाणं हे इतक्या जणींच्या बाबतीत होतं की त्याला हार म्हणण्यात अर्थ नाही. त्या नऊ दिवसांत मला नेमकं कळलं होतं की पुढच्या वेळी काय काय लागेल.

परत गेल्यावर आम्ही काउन्सेलरकडेही गेलो, दोघं एकत्र. हा माझाच हट्ट. तिथे मला विचारलं, तुम्हाला काय त्रास होतो ते मोकळेपणाने सांगा, आणि मी भाबडेपणाने सांगितलं. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर जे झालं ते इथे लिहीत नाही, कॅलेंडरवर त्याला मी पाच दिलेत. नंतर फोनवरच्या त्या बाई म्हणाल्या, जिथे मारहाण चालू आहे तिथे जोडप्याचं एकत्र समुपदेशन करू नये असंच सांगितलं जातं, कारण एक तर ती खरं बोलू शकत नाही, आणि बोलली तर किंमत घरी मोजते. हे आधी कोणी सांगितलं असतं तर.

त्या रात्री त्याने माझा गळा धरला होता. काही सेकंद. सकाळी आरशात बघितलं तर काहीच नव्हतं, फक्त आवाज बसला होता, सर्दी म्हणून खपून गेलं. हे वाचणारी कोणी असेल जिच्याबाबत हे एकदा जरी झालंय तिने इथे थांबून वाचावं. गळा दाबल्याची खूण बऱ्याचदा बाहेर दिसतच नाही, डॉक्टरला दाखवायला हवं, आणि २००८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी गळा दाबलेला आहे तिचा पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असते. मी त्याला कॅलेंडरवर पाच दिले पण मनात 'रागाच्या भरात' असंच म्हणत होते. तो आकडा ऐकल्यावर रागाचा भर वगैरे गेलं डोक्यातून.

आता हिंमत. सगळे म्हणतात, काय हिंमत दाखवलीस! मला हसू येतं. मी हिंमत यायची वाट बघत होते तेव्हा ती कधी आलीच नाही. भीती शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच होती, खरं तर जास्त. फक्त मी भीत भीत कारकुनी कामं करायला लागले. मुलांचे जन्मदाखले, माझी सर्टिफिकेटं, बँकेची कागदं, एकेक करून ऑफिसमध्ये झेरॉक्स आणि मूळ प्रत परत जागेवर, त्याच घडीत. कपाटातली फाईल डावीकडे तोंड करून असायची ती तशीच ठेवायची हे मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की आजही कोणतीही फाईल ठेवताना हात थांबतो. वेगळं बँक खातं, ज्याचे मेसेज घरच्या फोनवर येणार नाहीत. नवीन ईमेल, तो फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. फोनचं लोकेशन तो बघतो हे मला माहीत होतं, ते बंद केलं तर त्याला लगेच कळलं असतं, म्हणून बंद नाही केलं, फोन ड्रॉवरमध्ये ठेवून जायची. मैत्रिणीकडे एक बॅग, त्यात मुलांचे कपडे, धाकट्याच्या औषधाचं प्रिस्क्रिप्शन, आणि त्याच्या एका फाटक्या हत्तीचा जुळा, बाजारात सापडला म्हणून घेतलेला, कारण मूळ हत्ती हलवला असता तर धाकट्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

आणि कोणाला काही सांगायचं नाही. भांडणात "मी निघून जाईन" म्हणायचं तर अजिबात नाही, हे त्या बाईंनी मला तीनदा बजावलं. बाई निघते तेव्हा आणि निघाल्यावरचे काही महिने हाच सगळ्यात धोक्याचा काळ, कारण ताबा सुटतोय हे त्याला तेव्हा कळतं. "सोडून दे, संपलं" असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

मुलांशी काय बोलायचं हा आणखी एक घोळ. धाकट्याला काही सांगणं शक्य नव्हतं. मोठीशी बोलावं लागलं, आणि बोलताना नळाचा विषय निघाला. मी फोनवर कौतुकाने सांगितलं होतं, बघा, एवढीशी पोर पण कशी डोकं लावून भावाला घेऊन जाते. त्या बाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, बाथरूम नको. आत-बाहेर एकच दार, पळायला वाट नाही, फरशी टणक. किचनही नको. मुलांनी बाहेरच्या दाराकडच्या खोलीत जावं, आणि जमलं तर शेजारी. मध्ये पडू नये, आईला सोडवायला येऊ नये.

मग मी माझ्या मुलीला बसवून शिकवलं की तिने शोधलेली जागा चुकीची आहे. एक शब्द ठरवला, तो मी बोलले की भावाला घेऊन समोरच्या आजींकडे जायचं. ती विचारते, "आणि तू?" मी म्हटलं, मी येईन. "नळ नाही लावायचा मग?" नाही लावायचा. तिचं तोंड एवढंसं झालं. आईला मदत करायची तिची एक पद्धत होती, तीही मी काढून घेतली असं वाटलं असेल तिला, काय माहीत. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते तर या अर्ध्या तासाची. मार खाण्याची नाही.

निघण्याचा दिवस सांगण्यासारखा नाही. मंगळवार होता, तो कामावर गेला, मुलं शाळेत होती, मी अर्धी सुट्टी टाकली, शाळेत जाऊन सांगितलं की आजपासून मुलांना फक्त मीच न्यायला येणार, आणि तिथूनच गेलो. एवढंच झालं. मला वाटलं होतं काहीतरी जाणवेल, मोकळं वगैरे. मला फक्त झोप येत होती.

नंतरचं कोणी सांगत नाही म्हणून थोडं सांगते. त्याने सगळ्यांना सांगितलं की मीच त्याला छळत होते, मुलं पळवली, डोक्यावर परिणाम झालाय. यालाही अभ्यासकांनी नाव दिलंय, 'डार्वो', जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये, आधी नाकारायचं, मग समोरच्यावर उलटायचं, मग आपणच बळी व्हायचं, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतो ते आपण, आपल्याकडे आधीपासूनच शब्द होता की! निम्म्या लोकांनी त्याचं खरं मानलं. कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. मुलांना भेटायला यायचा तेव्हा इतका प्रेमळ की मोठी मला एकदा म्हणाली, "तू जरा थांबली असतीस तर ते बदलले असते." रात्रभर झोपले नाही मी. वाद नाही घातला. बाबांवर प्रेम करायला तुला माझी परवानगी लागत नाही, एवढं मात्र सकाळी सांगितलं. बापाला वाईट ठरवून मुलं आपल्या बाजूला येत नाहीत, उलट त्यांना दोन्हीकडे खोटं बोलायची सवय लागते, हे मी चुका करून शिकलेय.

धाकटा सहा महिने अंथरूण ओलं करायचा, जे त्या घरात कधीच केलं नव्हतं. मला वाटलं मीच बिघडवलं सगळं. मुलांच्या डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, आतापर्यंत धरून ठेवलं होतं, आता सोडतोय. खरं असेल. चादरी धुताना काही तसं वाटायचं नाही.

आणि नव्या घरात, दुसरा की तिसरा महिना असेल, रात्री मला जाग आली तर नळाचा आवाज. मी अंधारात कशाला तरी धडकत धावले. किचनमध्ये धाकटा स्टुलावर चढून बेसिनपाशी उभा, नळाखाली ग्लास धरलेला, तो भरून वाहतोय.

"काय झालं?" मी.

"तहान लागली," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून, "तू पळत का आलीस?"

मला काही सुचेना. मलाही लागली म्हटलं. त्याने तोच ग्लास माझ्या हातात दिला आणि स्वतःसाठी दुसरा शोधायला लागला, नळ तसाच चालू ठेवून.